मंगळवारी बोलावलंय

प्रिय बाबा,

शाळेत पत्रलेखनात वडिलांना ‘तीर्थरूप’ लिहायचं शिकवलं होतं. तो शब्द मला लिहिता येतो, त्यातला ‘रू’ दीर्घ आहे हेही माहीत आहे. पण आज तो लिहायला हात धजत नाही, आणि नुसतं ‘बाबा’ लिहिलं तर वाण्याकडे पाठवलेली चिठ्ठी वाटते. म्हणून ‘प्रिय’ लिहिलंय. ते खोटं नाही. पण पुढचं वाचताना त्या एका शब्दावर विसंबून राहू नका.

पिंटू उद्या युनिटचं सामान घेऊन तुमच्या शूटिंगला कोल्हापूरला येतोय, त्याच्या हाती हे पाठवतोय. त्याला बजावून सांगितलंय की दिवसाचं शूटिंग संपल्यावरच द्यायचं. मेकअपला बसलेले असताना उघडू नका, तिथे चार माणसं असतात आणि चार माणसं असली की तुम्ही वाचणार नाही, वाचून दाखवणार. तुम्ही विचाराल, फोन का नाही केला. फोनवर मी ‘बाबा’ म्हणेपर्यंत तुम्ही ‘आईला दे’ म्हणता. समोर असलो तर तेवढंही नाही. माझ्या तोंडून अर्धा शब्द निघतो आणि उरलेलं वाक्य तुम्ही पूर्ण करता, बहुतेक वेळा चुकीचं. मला भाकरी हवी असते, तुम्ही ‘त्याला भात वाढ गं’ म्हणता, आणि मी भात खातो. जन्मापासून भातच खातोय. कागदावर तुम्हाला मध्ये येता येत नाही.

साखरपुड्याला काय झालं ते तुम्हाला माहीत आहे असं तुम्ही समजता. तुम्ही तिथे होता, माईक तुमच्या हातात होता. तरी तुम्हाला माहीत नाही. ते सांगायच्या आधी मला तुमची गोष्ट सांगायची आहे. तुम्हीच सांगता ती. वर्तमानपत्राला, टीव्हीला, गणपतीतल्या सत्काराला, सगळीकडे त्याच क्रमाने आणि त्याच शब्दांत सांगता, त्यामुळे मला ती पाठ आहे.

संगमेश्वरकडची आपली वाडी. शिमग्याच्या नमनात सोळाव्या वर्षी तुम्ही संकासूर झालात. काळा झगा, उंच टोपी, तोंडावर मुखवटा, कमरेला घुंगूर, आणि अख्ख्या गावातली पोरं पुढे पळतायत. मग मुंबई, मिल, मिलचं नाट्यमंडळ, कामगार स्पर्धेत बक्षीस. मग संप. मिलचा भोंगा बंद झाला आणि तुम्ही आईला घेऊन भाईंदरला आलात, कारण तिथल्या खारी गावात खोली स्वस्त होती. आई घरी बसून बांगड्यांना खडे चिकटवायची, तुम्ही दादरला जाऊन नाटकवाल्यांच्या दारात उभे राहायचात. पोस्टमन झालात, हवालदार झालात, ट्रेमधून चहा आणणारा नोकर झालात. इथपर्यंतच्या गोष्टीत मी नाही, आणि इथपर्यंतची गोष्ट मला फार आवडते. खोटं कशाला बोलू, अजूनही आवडते. तुम्ही ट्रे घेऊन नुसते आत आलात तरी लोक हसायचे म्हणे. हिरोला राग यायचा.

मग ‘दवाखाना चालू आहे’. कंपाउंडरचं काम, दोन वाक्यांचं. घाबरलेला पेशंट बसलाय, डॉक्टर आत गेलेत, आणि कंपाउंडरने येऊन एवढंच म्हणायचं, “डॉक्टरांनी तुम्हाला मंगळवारी बोलावलंय.” दादरच्या प्रयोगाला तुम्ही आलात, “डॉक्टरांनी तुम्हाला” म्हणालात आणि पुढचं विसरलात. थिएटर गच्च भरलेलं. तुम्ही म्हणालात, “म... म... म...” डोळे मिटले, उजव्या हाताने मांडीवर थाप मारली, “म... म...” पेशंटचं काम करणारा नट हुशार होता, तो उठून उभा राहिला. “मलेरिया? मधुमेह? अहो, मरतोय का मी?” आणि तुम्ही मान झटकून सोडलंत, “मंगळवारी बोलावलंय!” लोक खुर्च्यांवरून खाली यायचे बाकी राहिले. पडदा पडल्यावर दिग्दर्शकाने विचारलं, हे कुठून आणलंस? आणि तुम्ही सांगितलंत, आमचं पोरगं असंच बोलतं. आठ वर्षांचं आहे. ऐनवेळी तेच आठवलं.

बाबा, ही ओळ तुम्ही सोळा वर्षं सांगताय. टीव्हीवरच्या त्या बाईंना तर तुम्ही म्हणालात, “देवाने माझा गुरू माझ्याच पोटी जन्माला घातला.” बाईंनी छातीवर हात ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी आईबरोबर घरात बसून बघत होतो. आईने माझ्याकडे बघितलं नाही, ती उठून गॅस बंद करायला गेली. गॅस बंदच होता.

त्या दोन वाक्यांचं पुढे अख्खं नाटक झालं. लवू कंपाउंडर. लेखकाने तुमच्यासाठी प्रवेश वाढवले, जाहिरातीत तुमचं नाव हिरोच्या वर आलं, मग सिनेमे आले आणि प्रत्येक सिनेमात हिरोचा अडखळणारा मित्र तुम्हीच. नंतर मालिका. खारीची खोली सोडून आपण भाईंदरमध्येच इंद्रलोकला आलो, लिफ्ट असलेल्या बिल्डिंगमध्ये. वास्तुशांतीला तुम्ही लोकांना सांगत होता, “हे सगळं आमच्या साईराजच्या जिभेचं आहे हां!” लोक माझ्या गालाला हात लावून जात होते. ती जीभ कोणी एकदाही ऐकून घेतली नाही.

मी ते नाटक पहिल्यांदा विंगेतून बघितलं. आधी मीपण हसलो, हे मान्य आहे. मग तुम्ही मांडीवर थाप मारलीत. मग मान उजवीकडे झटकलीत. ती थाप माझी होती, झटकाही माझा होता. मला कसं वाटलं सांगू? आपला डबा कोणीतरी आपल्या दप्तरातून काढून सगळ्या वर्गासमोर चवीने खातंय, आणि वर्ग त्यालाच विचारतोय, कुठल्या आईने इतकं छान केलंय रे? तसं वाटलं. घरी येताना तुम्ही मला उसाचा रस पाजलात आणि विचारलंत, “कसं झालं?” मी म्हणालो, “छ... छ...” तुम्ही म्हणालात, “छान! छान झालं म्हणतोय!” मला ‘छी’ म्हणायचं होतं.

शाळेचं तुम्हाला सगळं कधी सांगितलं नाही. मराठीचा धडा वाचायला उभा राहिलो की मागच्या बाकावरून “मंगळवारी!” यायचं. सर रागवायचे, पण रागवताना त्यांच्या मिशा हलायच्या. साईराज हे नाव शाळेत फक्त हजेरीला उरलं, बाकी मी लवू. नववीच्या तोंडी परीक्षेला बाहेरच्या बाई आल्या होत्या. मी ‘स’वर अडलो. त्यांनी कागद बघितला, आडनाव बघितलं आणि खूश होऊन म्हणाल्या, “अय्या, तू गुणवंत गोताडांचा मुलगा? अरे, मस्त करतोस की! सेम बाबांसारखं!” शेजारच्या बाईंना बोलावलं. “बघा ना, परत कर, परत कर.” त्या दुष्ट नव्हत्या. त्यांना खरंच वाटलं मी करतोय. त्यानंतर मी शाळेत गेलो नाही. तुम्ही दौऱ्यावरून आल्यावर आईने तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही कमरेवर हात ठेवून लवूच्या आवाजात म्हणालात, “शि... शि... शिकून कोणाचं भलं झालंय?” आईला हसू आलं. तिला हसायचं नव्हतं, पण तुम्ही समोर असलात की माणसाचा इलाज चालत नाही. मी शाळा सोडली त्या दिवशीही तुम्ही हशा घेतलात.

मला खारी नाक्यावरच्या शेठनी भांड्यांवर नावं घालायला ठेवलं ते आईच्या ओळखीने. तुम्हाला ते कमीपणाचं वाटतं, तुम्ही लोकांना ‘स्टीलच्या धंद्यात आहे’ असं सांगता. मला ते काम आवडतं. लोक नाव कागदावर लिहून देतात, मी मशीन चालू करतो, ते इतक्या जोरात करकरतं की कोणी बोलायला जात नाही. स्टीलवर खोडता येत नाही, म्हणून मी प्रत्येक नाव आधी तीनदा वाचतो. चुकलं की भांडं आपल्या गळ्यात. सुरुवातीला चुकलेलं एक ताट आपल्या घरी आहे, ‘कै. आनंदीबई’ असं नाव घातलेलं. त्यातच तुम्ही अजून जेवता आणि पाहुण्यांना दाखवून हसवता. असू दे. ते खरंच विनोदी आहे.

आता मोरव्याची गोष्ट. निशिगंधाला बघायला आपण मोरवा गावात तिच्या घरी गेलो तेव्हा माझे तळहात इतके ओले होते की पोह्यांची बशी निसटत होती. मी आईला आदल्या दिवशी विचारलं होतं की मी असा बोलतो हे आधी कळवलं आहे ना? आई म्हणाली, बाबांनी कळवलं असेल. तुम्ही कळवलं नव्हतं. तिचे वडील, पंढरीनाथ काका, सरळ माणूस. त्यांनी सरळ विचारलं, “नाव काय आपलं?” नाव त्यांना माहीत होतं, विचारायची पद्धत म्हणून विचारलं. मी म्हणालो, “स... स... स...” डोळे मिटले. मांडीवर थाप बसली. आणि कोपऱ्यातून तिची चुलतबहीण ओरडली, “अगं, लवू! डिट्टो लवू!” सगळे हसले. आणि तुम्ही, बाबा, तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी तुमचा चेहरा बघितला. त्या एका क्षणात तुम्ही काहीही म्हणू शकला असता. तुम्ही म्हणालात, “घरात सारख्या माझ्या नकला करतो. बापाच्या वर जाणार पोरगं!”

मग टाळ्या. मग आणखी पोहे. मग नोकरी काय, पगार किती, जन्मवेळ कोणती, कुलदैवत कोणतं, सगळ्या प्रश्नांची उत्तरं तुम्ही दिलीत. मी मान हलवत बसलो. पंढरीनाथ काका तुमच्या पाया पडायला आले, तुम्ही त्यांना उठवून मिठी मारलीत. आपण निघताना निशिगंधा माझ्याकडे बघून तोंडावर ओढणी धरून हसली. चांगलं हसली. मला ती आवडली. म्हणूनच मी परत येताना रिक्षात काही बोललो नाही आणि तुम्हीपण नाही. आई म्हणाली, “अहो, हे बरोबर झालं का?” तुम्ही म्हणालात, “लग्न झालं की सगळं सुरळीत होतं.” हे वाक्य तुमच्या तिसऱ्या सिनेमातलं आहे.

पुढचे सगळे दिवस मी फोन घेतला नाही. ती फोन करायची, मी कापायचो आणि मेसेज पाठवायचो. एकेक वेलांटी बघून पाठवायचो. तिला वाटलं मी लाजतो. तिने लिहिलं, ‘स्टेजवर एवढे डेअरिंगबाज आणि फोनवर असे?’ स्टेजवर! मी.

आणि साखरपुडा. सोसायटीचा हॉल, तिच्याकडची पन्नासेक माणसं. अंगठ्या झाल्या, पेढे झाले, आणि तिचे भाऊ-बहिणी ओरडायला लागले, “भावोजी, लवू! लवू! लवू!” मी तुमच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी तुम्ही थांबवाल. तुम्ही ऑर्केस्ट्रावाल्याकडून माईक घेतलात आणि माझ्या हातात दिलात. “कर रे एकदाच. सासुरवाडी खूश होईल.” तेव्हा माझ्या मनात काय आलं ते तुम्हाला माहीत नाही. माझ्या मनात आलं, बरं झालं. पन्नास माणसं आहेत, माईक आहे, एकदाच काय ते सांगून टाकू. म्हणून मी सांगितलं. तुम्ही शेजारीच उभे होता. मी म्हणालो, “म... मी न... नक्कल करत नाही. म... मी अ... अस्साच बोलतो. ख... ख... खरंच.”

बाबा, असा हशा तुम्हालाही कधी मिळाला नसेल. पंढरीनाथ काका डोळे पुसत होते. “काय टायमिंग आहे, काय टायमिंग!” कोणीतरी शिट्टी मारली. निशिगंधा हसून हसून खुर्चीला टेकली. मी खरं बोलत होतो आणि जितकं खरं बोलत होतो तितके लोक जास्त हसत होते. त्या हॉलमध्ये मला काय होतंय हे कळणारे तुम्ही होता, आई होती आणि तुमची बहीण होती. आई रडवेली झाली. तुम्ही काय केलंत आठवतंय? हात वर करून तुम्ही टाळ्या वाढवायची खूण केलीत. ऑर्केस्ट्रावाल्याने ढिशांग वाजवलं.

मी मागच्या बाजूला स्वयंपाकी बसतात तिथे जाऊन उभा राहिलो. सुलूआत्या मागोमाग आली. गावाहून खास आलेली, नऊवारी सावरत आली आणि माझं तोंड पदराने पुसायला लागली, लहान पोराचं पुसतात तसं. म्हणाली, “रडू नको रं बाबा. तुजा बापूस पन असाच व्हता.”

मला वाटलं तिला म्हणायचंय की तोही असाच विनोदी होता. मी मान हलवली. तिने माझी हनुवटी धरली. “तसा नाय रं. असाच बोलं तो. ‘आये’ म्हनायला तेला येळ लागं. पोरां हसायची. शाळेत मास्तर छडी मारं, तरी सबूद भायेर यायचा नाय. म्हनून तर आमच्या बानं तेला संकासूर केलान. संकासुराला बोलाया लागत नाय ना. मुखवटा लावायचा नि नाचायचा.” मी विचारलं, मग गेलं कसं? म्हणजे विचारायला लागलो, ती थांबली, मी विचारून होईपर्यंत थांबली. मग म्हणाली, “गेला कुठं? नाटकात पाठ केलेला बोलतो, त्या सुटा येतो. पाठ केलेला सुटतो, मनातला अडतो. तू बापसाला कदी मनातला बोलताना आयकलंस काय?”

मी तिथे उभा राहून आठवत बसलो. नाही ऐकलं. एकदाही नाही. ‘लग्न झालं की सगळं सुरळीत होतं.’ ‘शिकून कोणाचं भलं झालंय.’ आजी गेली तेव्हा तुम्ही आईला जे म्हणालात तेही कुठल्यातरी तिसऱ्या अंकातलं होतं. घरात तुम्ही एकतर नाटकातलं बोलता, नाहीतर गप्प असता, नाहीतर ‘आईला दे’. फोनवर कोण येणार माहीत नसतं, काय विचारणार माहीत नसतं, पाठ करून ठेवता येत नाही. मला हे माहीत असायला हवं होतं, कारण मी तसाच फोन टाळतो. दुकानात, रिक्षात, बाजारात तुम्ही लवू होऊन बोलता, आणि लोक म्हणतात गुणवंतराव किती मिश्किल, साधी मेथी घेताना पण हसवतात. तुम्ही त्यांना हसवत नव्हता. तुम्हाला मेथी म्हणता येत नव्हतं.

आणि दादरचा तो प्रयोग. बाबा, तुम्ही वाक्य विसरला नव्हता. चार शब्दांचं वाक्य कोण विसरतं? तुम्ही भर थिएटरमध्ये ‘म’वर अडलात. पाठ केलेलंसुद्धा त्या दिवशी अडलं. लोक हसले, दिग्दर्शक विचारायला आला, आणि तुम्ही घाबरलात. आणि घाबरून तुम्ही बोट दाखवलंत आठ वर्षांच्या पोराकडे, जो त्या वेळी खारीच्या खोलीत बाराखडी गिरवत बसला होता.

माझी नक्कल करून तुम्ही मोठे झालात म्हणून मी इतकी वर्षं चिडलेलो होतो. तो राग बरा होता. त्यात मला एक मान होता, वाईट का होईना, की मूळ माझं आहे. आता जो राग आलाय त्याला काय म्हणायचं मला कळत नाही. तुम्हाला माहीत होतं. घशात शब्द अडकून बसतो तेव्हा कान कसे तापतात, समोरच्याची नजर कशी ओठांवर येते, आपलं नाव विचारणारा माणूस वैरी कसा वाटतो, हे सगळं तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही मला एका शब्दाने सांगितलं नाहीत. मी समजत राहिलो की आपल्या अख्ख्या घराण्यात मोडकं भांडं मी एकटाच. एखाद्या दिवशी खोलीचं दार लावून तुम्ही एवढं म्हणाला असता की मला पण होतं रे, तर मी शाळा सोडली नसती. कदाचित सोडली असती. पण एकट्याने सोडली नसती. मुलाखतीत मी तुमचं मूळ, आणि सोयरिकीत मी तुमची नक्कल. तुम्हाला जिथे जसं लपायला बरं पडलं तिथे तसं तुम्ही मला पुढे उभं केलंत. संकासुराचा मुखवटा गावाला राहिला, मुंबईत तुम्ही मला तोंडावर लावलंत.

आणि तुमचं कसब मला कळत नाही असं समजू नका. तुम्ही नव्या पोरांना शिकवता ते मी ऐकलंय. हशा आला की लगेच पुढचं वाक्य टाकायचं नाही, हशा वर जाऊ द्यायचा, तो अर्ध्यावर उतरला की मग बोलायचं. हजार अनोळखी माणसांचा हशा उतरायची वाट बघत तुम्ही स्टेजवर निवांत उभे राहता. मी ते बघितलंय, त्या वेळी तुमच्यासारखा माणूस मी दुसरा बघितला नाही. घरात माझ्या एका शब्दाची वाट बघायला मात्र तुम्हाला कधी जमलं नाही.

परवा निशिगंधा दुकानात आली. न सांगता. ती बोरिवलीला लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते, तिथून लवकर सुटली होती. तिच्या पिशवीत तांब्या होता, त्यावर दोघांची नावं घालायची होती, मला गंमत दाखवायला. मी तिला बघितलं नाही, कारण पुढे एक गिऱ्हाईक होतं, पाच डबे घेऊन. तो विचारत होता, “कितना टाइम लगेगा?” मी म्हणालो, “प... प... प...” “अरे, जल्दी बोलो ना भाई.” “प... पंधरा मिनट.” तो गेला. मी मान वर केली तर ती. तिथे माईक नव्हता, हॉल नव्हता, हसायला कोणी नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. म्हणाली, “म्हणजे हे खरं आहे? त्या दिवशी तुम्ही अ‍ॅक्टिंग करत नव्हता?”

मी मान हलवली. मला वाटलं ती निघून जाईल. ती संतापली. शेठ गल्ल्यावरून बघायला लागले इतकी संतापली. “तुम्ही स्टेजवरून खरं सांगत होता आणि मी हसत होते? सगळ्यात जास्त मी हसले. तुम्ही मला तुमच्यावर हसू दिलंत. मला काय समजलात?” मी सांगायला गेलो की मी नाही, बाबांनी. ‘ब’वर अडलो. बराच वेळ अडलो. बाबा, तिने वाक्य पूर्ण केलं नाही. तिला पूर्ण करता आलं असतं, काय म्हणायचंय ते तिला दिसत होतं. पण हाताची घडी घालून, डोळ्यांत राग तसाच ठेवून ती उभी राहिली आणि मी ‘बाबांनी’ म्हणेपर्यंत थांबली. मग म्हणाली, “ते मला कळलंय. माझ्या घरी तुम्ही सांगायचं. बाबांनी नाही. आणि नाही सांगितलंत तर अंगठी परत घ्यायला या.” तांब्या काउंटरवर ठेवून गेली. त्यावर मी अजून नावं घातलेली नाहीत. खोडता येत नाहीत.

आता पत्र का लिहिलं ते. मी काल पंढरीनाथ काकांना फोन केला. स्वतः. त्यांनी “हॅलो, हॅलो” करून दोनदा ठेवला, तिसऱ्यांदा माझा आवाज ओळखला आणि हसले. “काय जावईबापू, फोनवर पण लवू!” मी म्हणालो, लवू नाही. मग म्हणालो, “म... म... म... मंगळवारी या.” त्यांची साप्ताहिक सुट्टी त्या दिवशी असते, दुसरा वार नव्हता, म्हणून तुम्ही हे वाचून हसू नका. ते हसता हसता थांबले. मग हळूच म्हणाले, “येतो.” तुमचं शूटिंग सोमवारी संपतंय, पिंटूला विचारून घेतलंय. मंगळवारी तुम्ही घरी असायला हवं. लग्न मोडेलही. ते म्हणतील आम्हाला फसवलंत, आणि त्यांचं चुकणार नाही. सगळं मीच सांगणार, कितीही वेळ लागला तरी, आणि तुम्ही मध्ये एक शब्द घालायचा नाही. माझं झालं की मग तुम्ही बोलायचं. एकच गोष्ट सांगायची, जी सुलूआत्याने मला सांगितली. पाठ करून यायचं नाही. लवूच्या आवाजात नाही, कुठल्या अंकातलं नाही, तुमचं तुम्ही जसं येईल तसं. अडलं तर अडू दे, बाबा. मी वाक्य पूर्ण करणार नाही. तुमचं होईपर्यंत मी थांबेन.

तुमचाच,
साईराज